एक शास्त्रज्ञ, अनेक विषय: सायटेशनचे आकडे वाचायचे कसे?

हर्बर्ट सायमन यांना नेमकं कशाचे शास्त्रज्ञ म्हणायचं? डॉक्टरेट राज्यशास्त्रातली, शिकागो विद्यापीठाची. १९७५ साली ॲलन न्यूएल यांच्यासोबत त्यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तीनच वर्षांनी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि कार्नेगी मेलन विद्यापीठात ते शिकवायचे मानसशास्त्र आणि संगणकशास्त्र.

एकट्या १९५५ सालचे त्यांचे दोन पेपर बघा. पहिला अर्थशास्त्राच्या जर्नलमधला. माणूस निर्णय घेताना जगातले सगळे पर्याय तोलत बसत नाही, पुरेसा बरा पर्याय सापडला की तो थांबतो, हे त्यात मांडलं आहे. दुसरा 'बायोमेट्रिका' या संख्याशास्त्राच्या जर्नलमधला. लिखाणात कोणता शब्द किती वेळा येतो, शहरांची लोकसंख्या किती असते, कोणाचं उत्पन्न किती, कोणत्या शास्त्रज्ञाच्या नावावर किती पेपर, या गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी सगळीकडे विषमतेचा आकार सारखाच दिसतो. तो तसा का दिसतो, याचं गणित त्या पेपरात आहे.

आता कोणी विचारलं, की या माणसाच्या कामाचा प्रभाव किती ते एका आकड्यात सांगा, तर काय सांगायचं? आजकाल हा प्रश्न रोज विचारला जातो. नेमणूक करताना, निधी देताना, पुरस्कारासाठी नावं छाटताना शास्त्रज्ञाच्या नावापुढे आकडे मांडले जातात: इतके पेपर, इतकी सायटेशन्स, इतका एच-इंडेक्स. हे आकडे खोटे नसतात. पण त्यांना एकक असतं, आणि ते एकक म्हणजे तो विषय. गणितातली शंभर सायटेशन्स आणि पेशीजीवशास्त्रातली शंभर सायटेशन्स ही एकाच मापाची शंभर नव्हेत. आयुष्यभर एकाच विषयात राहिलेल्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट नजरेआड झाली तरी फार बिघडत नाही. अनेक विषयांत काम केलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र सगळी बेरीजच चुकते. ती कुठे आणि कशी चुकते, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

सायटेशन म्हणजे काय?

शोधनिबंध लिहिणारा माणूस आपण कोणाकोणाच्या कामाचा आधार घेतला, ते शेवटच्या संदर्भसूचीत नोंदवतो. त्या सूचीत तुमच्या पेपरचं नाव आलं, की तुमच्या खात्यावर एक सायटेशन जमा होतं. म्हणजे मुळात ही ऋण मान्य केल्याची नोंद आहे.

या नोंदी उलट्या दिशेने वाचायची कल्पना माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफील्ड यांनी १९५५ सालीच 'सायन्स' या जर्नलमध्ये मांडली. एखाद्या पेपरने कोणाचा आधार घेतला हे त्याच्या सूचीत दिसतंच. पण त्या पेपरचा आधार पुढे कोणी घेतला, हे कसं कळणार? वकिलांकडे त्याचं उत्तर होतं. अमेरिकेत १८७३ पासून एक सूची निघत होती. एखाद्या जुन्या निकालाचा दाखला नंतरच्या कोणत्या निकालांत दिला गेला आणि तो निकाल कायम राहिला की फिरवला गेला, हे तिच्यात पाहता यायचं. गारफील्ड यांनी तीच रीत विज्ञानासाठी सुचवली आणि १९६४ साली त्यांच्या संस्थेची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आली. आजच्या 'वेब ऑफ सायन्स' या सायटेशन-डेटाबेसचं मूळ तेच.

गारफील्ड यांना हवं होतं ते शोधण्याचं साधन. एखाद्या विचाराचा माग काढता यावा, आणि चुकीच्या किंवा कालबाह्य माहितीचा आधार कोणी नकळत घेऊ नये, हा हेतू होता. माणसांना गुण देण्याचं काम या यादीवर नंतर येऊन पडलं. त्यात एक महत्त्वाची गोष्ट मागे राहिली. वकिलांच्या सूचीत निकाल फिरवला गेला हेही दिसायचं. विज्ञानातल्या मोजणीत उल्लेख कौतुकाचा आहे की खंडनाचा, याला काही फरक पडत नाही. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८ सालचा 'लॅन्सेट'मधला पेपर २०१० साली मागे घेतला गेला. त्याला मिळालेल्या उल्लेखांत तो कसा चुकीचा आहे हे सांगणारे उल्लेखही आहेत. मोजणीत तेही एक-एक म्हणूनच धरले जातात.

आणखी एक गोष्ट. ऋण मोठं असलं म्हणजे शोध मोठा असतो, असंही नाही. 'नेचर'ने २०१४ साली सर्वाधिक उल्लेख झालेल्या शंभर पेपरांची यादी केली. तिच्यात पहिला क्रमांक होता ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१ सालच्या पेपरचा, तीन लाखांहून अधिक सायटेशन्स मिळालेल्या. विषय काय, तर द्रावणात प्रथिनं किती आहेत हे मोजण्याची पद्धत. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ सालचा पेपर पहिल्या शंभरात नव्हता. लाउरी स्वतःही म्हणत, की आपला हा पेपर काही थोर नाही. पण प्रयोगशाळेत रोज वापरायची पद्धत आणि एकदाच लावायचा शोध यांच्या वाट्याला येणारे उल्लेख वेगवेगळे असणारच. पद्धत वापरणारा प्रत्येक जण मूळ पेपरचं नाव लिहितो. शोध मात्र पाठ्यपुस्तकात गेला, की तो सगळ्यांचाच होतो आणि मूळ पेपरचं नाव लिहायची गरज कोणाला वाटत नाही.

एच-इंडेक्स, थोडक्यात

कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ साली हा आकडा सुचवला. शास्त्रज्ञाचे सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचं. समजा पाच पेपर आहेत आणि त्यांना ५०, २०, ८, ४ आणि ३ सायटेशन्स आहेत. चौथ्या पेपरला निदान चार आहेत, पाचव्याला पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स चार.

यातली सोय अशी, की नुसते ढीगभर पेपर काढून हा आकडा वाढत नाही आणि एकच पेपर गाजला म्हणूनही वाढत नाही. पण हीच त्याची मर्यादाही आहे. चार पेपरांना प्रत्येकी चार सायटेशन्स असलेल्या माणसाचा एच-इंडेक्स चार. एका पेपरला तीन हजार आणि उरलेल्या तिघांना प्रत्येकी चार असतील, तरी चारच. शिवाय हा आकडा कधी कमी होत नाही. माणूस निवृत्त झाला तरी तो वाढत राहू शकतो, त्यामुळे तरुण आणि ज्येष्ठ यांची तुलना त्यावरून होत नाही.

तोच माणूस तीन ठिकाणी पाहिला तर तीन वेगळे आकडे दिसतात, याचंही पुष्कळांना आश्चर्य वाटतं. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस हे निवडक जर्नल, परिषदा आणि पुस्तकं धरतात. गुगल स्कॉलर प्रबंध, जर्नलमध्ये छापून येण्याआधीच्या पूर्वप्रती, अहवाल असं बरंच काही गोळा करतं, म्हणून तिथला आकडा सहसा सगळ्यात मोठा असतो. अनेक विषयांत वावरणाऱ्याला हा फरक जास्त जाणवतो. संगणकशास्त्रातलं महत्त्वाचं काम बऱ्याचदा परिषदेत प्रसिद्ध होतं, इतिहास किंवा समाजशास्त्रातलं पुस्तकात, जीवशास्त्रातलं जर्नलमध्ये. जो डेटाबेस मुख्यतः जर्नल मोजतो, त्याला या माणसाचा जीवशास्त्राचा हात पूर्ण दिसतो आणि बाकीचं अर्धवट. सायमन यांचं १९४७ सालचं प्रशासनावरचं काम पुस्तकाच्या रूपात आहे. फक्त जर्नलचे पेपर धरणाऱ्या मोजणीत ते येणारच नाही.

विषयागणिक माप का बदलतं

हर्श यांच्या मूळ पेपरमध्येच याचा पुरावा आहे. भौतिकशास्त्रात त्यांनी मोजलेला सगळ्यात मोठा एच-इंडेक्स एडवर्ड विटन यांचा होता, ११०. जीवशास्त्राकडे वळल्यावर त्यांना सॉलोमन स्नायडर यांचा १९१ सापडला. याचा अर्थ जीवशास्त्रज्ञ जवळपास दुपटीने थोर असतात, असा कोणी काढणार नाही. दोन विषयांच्या चालीरीती वेगळ्या आहेत, एवढंच त्यातून कळतं.

या चालीरीतींत सगळ्यात मोठा वाटा संदर्भसूचीच्या लांबीचा. गणिताच्या पेपरला वीस-एक संदर्भ पुरतात, जैववैद्यकीय पेपरला पन्नास-साठ सहज लागतात. प्रत्येक पेपर जितके संदर्भ देतो, तितकीच सायटेशन्स त्या विषयात वाटायला येतात. सूची लांब, तर वाटणीला येणारा ढीगही मोठा. मग वेगाचा प्रश्न. रेण्वीय जीवशास्त्रात दोन-तीन वर्षांपूर्वीच्या कामाचे उल्लेख धडाधड होतात. गणितात एखादं प्रमेय पचायलाच कित्येक वर्षं जातात, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या पेपरचा उल्लेख तिथे अगदी नेहमीचा. शिवाय जिथे मोठ्या चमूत काम चालतं, तिथे एकाच माणसाचं नाव अनेक पेपरांवर असतं. २०१५ साली हिग्ज कणाचं वस्तुमान सांगणारा एक पेपर निघाला, त्याला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पानं नावं आणि संस्था यांनीच भरली होती. त्या पेपरचं प्रत्येक सायटेशन या पाच हजार जणांपैकी प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण एक म्हणून जमा होतं. एकट्याने लिहिणारी तत्त्वज्ञ आणि हे भौतिकशास्त्रज्ञ यांच्या आकड्यांची तुलना कशी करणार?

फिलिपो रादिकी, सांतो फोर्तुनातो आणि क्लाउडिओ कास्तेलानो यांनी २००८ साली हा फरक मोजून दाखवला. शंभर सायटेशन्स मिळालेला पेपर विमान-अवकाश अभियांत्रिकीत सापडण्याची शक्यता जितकी, त्याच्या सुमारे पन्नासपट शक्यता विकासात्मक जीवशास्त्रात, असं त्यांना आढळलं. पण त्यांच्या कामातला माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग पुढचा आहे. प्रत्येक पेपरच्या सायटेशनला त्या विषयाच्या त्या वर्षीच्या सरासरीने भागलं, की वेगवेगळ्या विषयांचे आलेख जवळजवळ एकमेकांवर बसतात. म्हणजे माप वेगळं असलं, तरी विषमतेचा आकार सगळीकडे एकच. सायमन यांनी १९५५ साली ज्या आकाराचा विचार केला होता, त्याच कुळातला हा आकार.

भागाकाराने काय बदलतं, ते एका काल्पनिक शास्त्रज्ञाच्या हिशेबात पाहू. यातले आकडे केवळ समजावण्यापुरते आहेत. एकाच वर्षी तिचे तीन पेपर निघाले. गणितातल्या पेपरला १२ सायटेशन्स मिळाली, पेशीजीवशास्त्रातल्याला ६० आणि समाजशास्त्रातल्याला ९. नुसती बेरीज ८१ होते, आणि तिच्यावरून वाटतं, की या बाईंचं खरं काम जीवशास्त्रात आहे, बाकी दोन छंद. आता धरून चला, की त्या वर्षीच्या गणिताच्या पेपरांची सरासरी ४ आहे, पेशीजीवशास्त्राची ४० आणि समाजशास्त्राची १०. भागाकार केल्यावर गणिताचा पेपर सरासरीच्या तिप्पट ठरतो, जीवशास्त्राचा दीडपट आणि समाजशास्त्राचा सरासरीहून किंचित खाली. क्रमच बदलला. जो पेपर बेरजेत दिसतही नव्हता, तो तिचा त्या वर्षीचा सगळ्यात प्रभावी पेपर निघाला.

सरासरीची एक अडचण मात्र आहे. सायटेशनची वाटणी इतकी विषम असते, की दोन-चार गाजलेले पेपर सगळी सरासरी वर ओढून नेतात. म्हणून पुष्कळ जण टक्केवारीचा क्रम पसंत करतात: हा पेपर त्याच्या विषयातल्या त्याच वर्षीच्या पेपरांत वरच्या एक टक्क्यात आहे का, दहा टक्क्यांत आहे का? अनेक विषयांत काम करणाऱ्यासाठी मलाही हेच वाचन अधिक न्याय्य वाटतं. प्रत्येक पेपर आपापल्या वर्गात बसून परीक्षा देतो, आणि शेजारच्या वर्गाचा पेपर सोपा होता का, हा प्रश्नच उरत नाही.

पण पेपरचा विषय ठरवायचा कोणी?

भागायचं तर कशाने भागायचं, हे आधी ठरलं पाहिजे. हे प्रकरण दिसतं त्याहून बरंच गुंतागुंतीचं आहे. बहुतेक डेटाबेस पेपरचा विषय पेपर वाचून ठरवत नाहीत. तो ज्या जर्नलमध्ये आला, त्या जर्नलचा विषय तोच पेपरचा विषय. 'नेचर', 'सायन्स' यांसारख्या सर्व विषयांच्या जर्नलमध्ये हे जमत नाही, तेव्हा पेपरच्या संदर्भसूचीवरून विषयाचा अंदाज बांधावा लागतो.

एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांचा १९५८ सालचा पेपर घ्या. तो संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये आहे. रुग्णांचा अभ्यास चालू असताना काही जण मध्येच संपर्काबाहेर जातात, काही जणांच्या बाबतीत अभ्यास संपेपर्यंत ती घटना घडतच नाही. अशा अपुऱ्या माहितीतूनही किती काळानंतर किती रुग्ण जिवंत असतील याचा नीट अंदाज कसा करायचा, हे त्यात सांगितलं आहे. 'नेचर'च्या त्या २०१४ च्या यादीत या पेपरला ३८ हजारांहून जास्त सायटेशन्स होती, आणि ती प्रामुख्याने वैद्यकीय संशोधनातून आलेली. कर्करोगावरचे उपचार तपासणारा जवळजवळ प्रत्येक अभ्यास या पद्धतीने आलेख काढतो. मग या पेपरला संख्याशास्त्राच्या सरासरीने भागायचं का? तसं केलं तर उत्तर डोळे दिपवणारं येतं, पण ते फसवं असतं, कारण हा पेपर वाटणी घेतो आहे वैद्यकशास्त्राच्या मोठ्या ढिगातून.

यावर एक तोड निघाली आहे. उल्लेख ज्याचा झाला त्याच्याकडे न पाहता, उल्लेख करणाऱ्याकडे पाहायचं. वीस संदर्भ देणाऱ्या पेपरने तुमचा उल्लेख केला, तर त्याचं वजन एक विसांश. साठ संदर्भ देणाऱ्याने केला, तर एक साठांश. म्हणजे लांबलचक सूचीतला उल्लेख हलका, मोजक्या सूचीतला जड. यात पेपरवर विषयाची चिठ्ठी लावावीच लागत नाही. हेंक मूड यांनी २०१० साली जर्नलसाठी अशा विचारावर आधारलेलं माप मांडलं, आणि त्याच धर्तीवर पेपरांचाही हिशेब करता येतो. विषयांच्या सीमेवर काम करणाऱ्यांसाठी ही रीत फार मोलाची आहे.

याहून अवघड प्रश्न आहे लेखकांच्या क्रमाचा, आणि त्याची चर्चा त्यामानाने कमी होते. जीवशास्त्रात पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं असतं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. गणितात, अर्थशास्त्रात आणि कणभौतिकीत नावं बहुतांशी वर्णानुक्रमे लावतात. आता पहिल्या आणि शेवटच्या नावाला जास्त मान देणारं माप सगळ्यांना लावलं, तर काय होईल? वर्णमालेच्या मधल्या अक्षरावरून आडनाव सुरू होणारा गणितज्ञ तीन-चार जणांसोबत लिहीत असेल, तर तो त्या मापात मागे पडेल. जीवशास्त्राकडून अर्थशास्त्राकडे वळलेल्या माणसाचे निम्मे पेपर एका भाषेत लिहिलेले असतात आणि निम्मे दुसऱ्या, तरी ते एकाच शब्दकोशाने वाचले जातात.

हा प्रश्न कल्पनेतला नाही. जॉन इओॲनिडिस आणि सहकारी २०१९ पासून लाखभराहून अधिक शास्त्रज्ञांची यादी प्रसिद्ध करत आले आहेत. 'जगातले वरचे दोन टक्के शास्त्रज्ञ' म्हणून बातम्यांत येते ती हीच. तिच्यातला एकत्रित गुणांक सहा गोष्टींवर उभा आहे: एकूण सायटेशन्स, एच-इंडेक्स, सहलेखकांच्या संख्येनुसार कमी केलेला एच-इंडेक्स, एकट्याने लिहिलेल्या पेपरांची सायटेशन्स, त्यांत पहिलं नाव असलेले पेपर मिळवून येणारी सायटेशन्स, आणि त्यांतच शेवटचं नाव असलेलेही मिळवून येणारी. नुसत्या एच-इंडेक्सपेक्षा ही रचना नक्कीच विचारपूर्वक केलेली आहे, आणि स्वतःचेच उल्लेख वगळून आलेला क्रमही तिथे वेगळा दिला जातो. पण सहापैकी दोन मापं लेखकांच्या क्रमावर अवलंबून आहेत. शिवाय उपक्षेत्रातला क्रम काढताना माणसाला त्याच्या सर्वाधिक पेपरांच्या उपक्षेत्रात बसवलं जातं. बाकीच्या क्षेत्रांतलं काम गुणांकात धरलं जातं, पण तुलना होते एकाच खणातल्या लोकांशी.

क्लॅरिव्हेट या संस्थेने दुसरी वाट काढली. सर्वाधिक उल्लेख होणाऱ्या संशोधकांची त्यांची वार्षिक यादी २१ क्षेत्रांत विभागलेली होती. प्रत्येक क्षेत्रात येण्यासाठी, त्या क्षेत्रातल्या वरच्या एक टक्क्यात बसणारे ठरावीक संख्येचे पेपर हवेत. चार क्षेत्रांत थोडं-थोडं उत्तम काम केलेला माणूस कुठेच पुरा पडत नसे. म्हणून २०१८ साली 'क्षेत्रांपार' असा एक वर्ग सुरू झाला. त्याचं गणित साधं आहे. उदाहरणापुरतं धरा, की रसायनशास्त्राची अट २० पेपरांची आहे आणि पदार्थविज्ञानाची १५ पेपरांची. एखादीचे पहिल्यात १० आणि दुसऱ्यात ९ असतील, तर अर्धा अधिक तीन पंचमांश, म्हणजे १.१. एकच्या वर गेली, चाळणीतून पार झाली. एकूण सायटेशनसाठीही अशीच दुसरी चाळणी असते. पहिल्याच वर्षी सुमारे चार हजार नावं जुन्या २१ क्षेत्रांत आली आणि सुमारे दोन हजार या नव्या वर्गात. तोवर हे दोन हजार लोक यादीला दिसतच नव्हते. मोजण्याची रीत बदलली आणि ते दिसू लागले. त्यांच्या कामात एका रात्रीत काही बदल झाला नव्हता.

याच यादीने २०२३ साली गणित हे क्षेत्र पूर्ण वगळलं. गणितात पेपर कमी आणि सायटेशन्सही कमी, त्यामुळे थोडेसे ठरवून केलेले उल्लेखही माणसाला वरच्या एक टक्क्यात नेऊ शकतात, आणि तसं होत असल्याची शंका होती. माप जितकं लहान, तितकं ते हलवणं सोपं. विषयवार भागाकार न्याय्य आहे, पण छोट्या विषयात तो सहज वाकवताही येतो.

आकड्याच्या आत काय पाहावं

समोर एखाद्या बहुविषय शास्त्रज्ञाची प्रोफाइल आली, तर मी एकूण बेरीज शेवटी पाहतो. आधी पाहतो ते पेपरांची उतरंड. बहुतेकांची निम्मी सायटेशन्स मोजक्या पेपरांत असतात, आणि त्या पेपरांवरून माणूस कुठे ओळखला जातो ते कळतं. मग त्या मोजक्या पेपरांचा उल्लेख करणारे कोण, हे उघडून पाहतो. दोन माणसांना प्रत्येकी पाचशे सायटेशन्स असू शकतात. एकीला एकाच विषयातल्या शे-दीडशे लोकांनी पुन्हा-पुन्हा उल्लेखलेलं असतं, तर दुसरीला पाच विषयांतल्या लोकांनी, एकमेकांना न ओळखता. हे दोन वेगळे प्रभाव आहेत. कोणता मोठा, हे आकडा सांगत नाही.

स्वतःच स्वतःचे उल्लेख करण्याचा प्रकारही तपासावा, पण लगेच संशय घेऊ नये. इओॲनिडिस यांच्या माहितीत स्वतःच्या उल्लेखांचा मध्यांक १२.७ टक्के होता. निदान अडीचशे जणांच्या बाबतीत मात्र निम्म्याहून अधिक सायटेशन्स स्वतःकडून किंवा सहलेखकांकडून आली होती. हे दुसरं टोक काळजीचं आहे. पण जो माणूस एका विषयातलं साधन घेऊन दुसऱ्या विषयात शिरतो, त्याला सुरुवातीला स्वतःच्याच जुन्या पेपरकडे बोट दाखवावं लागतं. नव्या घरात त्याचं ते काम माहीत असणारं दुसरं कोणी नसतं.

काळाचा आलेखही पाहावा. जियान वांग, राइनहिल्ड फ्युगलर्स आणि पॉला स्टिफन यांनी २०१७ साली दाखवलं, की पूर्वी कधी एकत्र न आलेलं ज्ञान जोडणाऱ्या पेपरांकडे पहिली काही वर्षं दुर्लक्ष होतं. पुढे त्यांचे उल्लेख वाढतात, तेही बऱ्याचदा मूळ विषयाच्या बाहेरून. दोन-तीन वर्षांच्या खिडकीतून मोजणाऱ्याला हे पेपर अपयशी वाटतात. टोकाचं उदाहरण कार्ल पिअरसन यांच्या १९०१ सालच्या पेपरचं. पुष्कळ मापांची गर्दी मोजक्या दिशांत कशी आटोपशीर करायची, हे त्यात होतं. जवळपास शंभर वर्षं त्याला फार थोडे उल्लेख मिळाले. मग संगणकाच्या काळात, प्रचंड माहितीचे साठे तयार झाल्यावर, नाना विषयांतल्या लोकांना तो एकदम लागू लागला.

आणि काही कामं या मोजणीत बसतच नाहीत. ज्यांच्या नावाने हिग्ज कण ओळखला जातो, त्या पीटर हिग्ज यांनी १९६४ नंतर दहापेक्षा कमी पेपर लिहिले. २०१३ साली नोबेल मिळालं तेव्हा ते म्हणाले होते, की आजच्या काळात आपल्याला विद्यापीठात नोकरी मिळाली नसती. गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमान यांनी प्वांकारेचं अनुमान सिद्ध करणारे तीन पेपर २००२-०३ मध्ये इंटरनेटवरच्या एका खुल्या संग्रहात ठेवले, जर्नलकडे पाठवलेही नाहीत. म्हणूनच २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत आखलेल्या जाहीरनाम्याने सांगितलं, की जर्नलला मिळणाऱ्या सायटेशनच्या सरासरीवरून माणसाची किंमत करू नका. २०१५ सालच्या लायडन जाहीरनाम्यातल्या दहा तत्त्वांपैकी एक थेट आपल्या प्रश्नाचं आहे: उल्लेख करण्याच्या विषयागणिक रीती लक्षात घ्या. त्याच्या पुढचंच तत्त्व सांगतं, की माणसाचं मूल्यमापन त्याचं काम वाचून करा.

सायमन यांच्या 'बायोमेट्रिका'तल्या पेपरकडे परत जाऊ. ज्याच्याकडे जास्त आहे त्याला आणखी मिळत जातं, हे त्यातल्या गणिताचं सार. डेरेक डी सोला प्राइस यांनी १९७६ साली तेच गणित सायटेशनला लावलं: ज्या पेपरचे उल्लेख आधीच जास्त, त्याचाच पुढचा उल्लेख होण्याची शक्यता जास्त. १९९९ साली आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि रेका आल्बर्ट यांनी भौतिकशास्त्राच्या वाटेने येऊन वेबपानांच्या जाळ्यासाठी याच तऱ्हेचं तत्त्व मांडलं. सायमन २००१ च्या फेब्रुवारीत गेले. त्याच वर्षी भौतिकशास्त्राच्या एका जर्नलमध्ये दोन संशोधकांनी सायमन यांच्या ४६ वर्षं जुन्या सूत्रावरून वेबच्या जाळ्यातली विषमता काढून दाखवली. पेपर संख्याशास्त्राच्या खणात आहे, तो लिहिणाऱ्याची डॉक्टरेट राज्यशास्त्राची, नोबेल अर्थशास्त्राचं, आणि हे सायटेशन जमा झालं भौतिकशास्त्रातून.